जवळचा फटका : गोल्फमधील एक सराव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात जे घडते, त्याची वार्ता दरवर्षी वृत्तपत्रांतून झळकते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेला पळस आणि दोन्हीकडून सुटणारे दगड. गोटमारीत माणसे जायबंदी होतात, काही वेळा प्राणासही मुकली आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत म्हणून प्रशासनाने प्रयत्न करून पाहिला. तो गावाने मानला नाही. त्या प्रथेचा न्यायनिवाडा हा येथील विषय नव्हे. परंतु त्या तीरावर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. इतक्या अंतरावर वस्तू पडावयाची तर हात किती मागे न्यावा आणि किती जोराने पुढे आणावा, हे त्याचा हातच जाणतो. मनात गणित होत नाही, तोंडाने आकडा उच्चारला जात नाही, आणि तरीही अंतर बरोबर साधते. हाताला असलेल्या या जाणिवेवर एक सबंध खेळ उभा आहे, आणि त्या खेळाचे नाव गोल्फ.

गोल्फ आणि पांढुर्णा-सौंसर या भागाचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. संबंध नाही, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर. सातपुड्याच्या पायथ्याचे हे दोन तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिले, २०२३ मध्ये त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. घरांतील भाषा मात्र मराठीच राहिली. येथे संत्रे पिकते, कापूस पिकते, गोल्फचे मैदान नाही. आणि नसलेलेच बरे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. अठरा खळग्यांच्या मैदानाला साधारणतः १२० ते १८० एकर जमीन लागते आणि त्यावरील हिरवळ जिवंत ठेवण्यास उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. ज्या पट्ट्यात संत्र्याची झाडे जगविण्यासाठी विहिरींमागून विहिरी आणि बोअरमागून बोअर खोल जात आहेत, तेथे खेळासाठी एवढे पाणी ओतावयाचे कोणी? परंतु या खेळाचा एक भाग असा आहे की ज्याला ना १२० एकर लागत, ना हिरवळ. एखादे सारवलेले खळे, चार-सहा चेंडू आणि एक जुनी काठी एवढ्यावर तो शिकता येतो. त्या भागाचे नाव जवळचा खेळ; खेळाडूंच्या भाषेत ‘शॉर्ट गेम’.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर, एका ठिकाणाहून चेंडू काठीने मारावयाचा आणि दूरवरच्या एका लहान खळग्यात कमीत कमी फटक्यांत घालावयाचा. असे अठरा वेळा. एखाद्या उत्तम खेळाडूला किती फटके लागावेत याचे एक प्रमाण ठरलेले असते. त्यास ‘पार’ म्हणतात. बहुतेक मोठ्या मैदानांचा पार ७० ते ७२ असतो. हे प्रमाण ठरविताना प्रत्येक खळग्यामागे दोन फटके हिरवळीवर चेंडू घरंगळविण्यासाठी धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके चेंडू जमिनीवरून हळुवारपणे ढकलण्याचे! तीनशे यार्डांचा घणाघाती फटका आणि तीन फुटांवरची चेंडूला दिलेली टिचकी, हिशेबात दोन्हींची किंमत एकच. या खेळातील सारा न्याय आणि सारा अन्याय याच नियमात सामावलेला आहे.

यावरून पूर्वी असे सांगितले जाई की, सामना जिंकून देतो तो जवळचा खेळच. हे मत आता जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लक्षावधी फटक्यांची नोंद तपासली आणि २०१४ साली पुस्तकरूपाने आपले निष्कर्ष मांडले. अग्रगण्य खेळाडू आणि सामान्य व्यावसायिक यांच्यातील अंतरापैकी जवळजवळ दोनतृतीयांश भाग हा शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांमुळे पडतो, असे त्यांना आढळले. मग जवळच्या खेळाचा खटाटोप कशासाठी? तर तो निष्कर्ष जगातील शिखरावरच्या मंडळींविषयी आहे. दूरच्या फटक्याला बळ लागते, महागडी काठी लागते, मोकळे मैदान लागते. जवळच्या फटक्याला त्यांतले काहीच लागत नाही. आणि नवशिक्याचे जे फटके अकारण वाया जातात, त्यांतले पुष्कळसे खळग्यापासून वीस-तीस पावलांच्या आतच जातात.

बळ नसताना हा खेळ किती दूर नेऊ शकतो याचे उदाहरण भारतीयांनी अलीकडेच पाहिले. टोकियो ऑलिम्पिक २०२१ मध्ये भरले. त्याच ऑलिम्पिकच्या पुरुष गटात पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी आणि पुण्याचे उदयन माने हे दोघे खेळले. महिलांत बंगळूरच्या अदिती अशोक होत्या. जागतिक क्रमवारीत त्यांचा क्रमांक दोनशेवा होता. त्या वर्षी करोनाची बाधा होऊन गेल्यामुळे त्यांची शक्ती कमी झालेली होती आणि दूरच्या फटक्यांत त्यांच्या जोडीच्या खेळाडू त्यांना सहज मागे टाकीत होत्या. तरीही चार दिवस त्या पदकाच्या कक्षेत राहिल्या, त्या हिरवळीवरच्या आणि हिरवळीच्या काठावरच्या फटक्यांच्या जोरावर. शेवटी चौथा क्रमांक. कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्या आठवड्यात ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता, अशी माणसेही पहाटे उठून दूरचित्रवाणीपुढे बसली होती.

मैदानावाचून हा खेळ शिकल्याचीही उदाहरणे आहेत. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीतील अनेक तरुण तेथे ‘कॅडी’ म्हणून, म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहण्याचे, काम करतात. दिवसभर दुसऱ्याचा खेळ पाहावयाचा आणि संध्याकाळी आपल्या गल्लीत यावयाचे! या तरुणांनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या, प्लास्टिकचे चेंडू घेतले आणि घरांच्या भिंती, गटारे, पायऱ्या यांच्यामधून वाट काढीत स्वतःचा गोल्फ उभा केला. गल्लीची रुंदी चार हात. तेथे दूरचा फटका मारावयाचा कोठे? सारा खेळ जवळचाच. चेंडू कोणत्या पायरीवर टाकला असता कोणीकडे उसळेल, याचा जो अंदाज त्यांना असतो तो क्लबाच्या सभासदांपैकी कित्येकांना नसेल. स्पेनचे सेव्हे बालेस्टेरोस यांची कथा याच जातीची. पेद्रेन्या या किनाऱ्यावरच्या खेड्यात ते लहानाचे मोठे झाले. हाती एकच काठी, तीन क्रमांकाची. आणि मैदान म्हणजे समुद्राची वाळू. त्या एका काठीने उंच फटका, बुटका फटका, वाळूतला फटका असे सारे प्रकार त्यांनी स्वतःचे स्वतः शोधून काढले. पुढे ब्रिटिश ओपन ही स्पर्धा त्यांनी १९७९, १९८४ आणि १९८८ अशी तीनदा जिंकली, आणि जवळच्या खेळातील त्यांच्या कल्पकतेची बरोबरी फारशी कोणी केली नाही. आपल्याकडे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते. १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन जिंकली आणि दोन वर्षांनी पुन्हा जिंकली.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. जवळच्या खेळात मुख्यतः तीन फटके येतात. चेंडू हिरवळीवर असता तो केवळ घरंगळवीत न्यावयाचा तो ‘पट’. हिरवळीच्या काठावरून चेंडू थोडासा उचलून पुढे बराचसा घरंगळू द्यावयाचा तो ‘चिप’. आणि मध्ये अडथळा असेल, खड्डा असेल, तर चेंडू बराचसा हवेतून नेऊन थोडाच घरंगळू द्यावयाचा तो ‘पिच’. या तिघांत चिप सर्वांत उपयोगी. कारण ज्या चेंडूचा प्रवास जमिनीवरून होतो त्याचा अंदाज हवेतल्या चेंडूपेक्षा सहज बांधता येतो. शक्य तेथे पट, तो साधत नसेल तर चिप, आणि निरुपाय झाला तरच पिच, असा जुन्या शिक्षकांचा दंडक असे. तो आजही चुकीचा ठरलेला नाही.

ज्या खळग्यात चेंडू घालावयाचा त्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. स्कॉटलंडमधील मसलबर्ग येथे १८२९ साली खळगे पाडण्याचे एक अवजार केले गेले, त्याचे पाते योगायोगाने तेवढ्या मापाचे होते. आणि १८९१ मध्ये तेच माप नियमाने सर्वत्र लागू झाले. चेंडूचा व्यास १.६८ इंचाहून कमी नसावा आणि वजन १.६२ औंसाहून, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅमहून, अधिक नसावे असा नियम आहे. खळग्यात एखादे चांगले भरलेले नागपुरी संत्रे सहज मावेल. चेंडू तर त्याहून कितीतरी लहान. कागदावर हे सोपे दिसते.

काठीच्या टोकाला लोखंडी पाते असते आणि ते मागे कललेले असते. हा कल काठीच्या क्रमांकाबरोबर वाढत जातो. तीन क्रमांकाच्या काठीचे पाते जवळजवळ उभे, आठ-नऊ क्रमांकांचे बरेच कललेले आणि ‘वेज’ नावाच्या काठ्यांचे तर पार आडवे होऊ पाहणारे. चेंडू वर उडतो तो या कलामुळे. खेळाडूने तो वर उडवावयाचा नसतो. नवशिक्याच्या चुकांचे मूळ नेमके येथे आहे, आणि विटीदांडू खेळलेल्या मुलाच्या बाबतीत तर ते विशेषच खोल रुजलेले असते. गलीवर आडवी ठेवलेली विटी कोलताना मनगटाला हिसका देऊन ती खालून वर उचलावी लागते. न उचलली तर विटी उडतच नाही. तीच सवय घेऊन मुलगा गोल्फची काठी हाती धरतो, चेंडूखाली पाते घालून त्याला उचलू पाहतो, आणि काय होते? एक तर पाते चेंडूच्या मागे जमिनीत रुतते आणि चेंडू दोन हात पुढे सरकून थांबतो. नाही तर पात्याची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि तो हिरवळ ओलांडून पार पलीकडे पळतो. चिप मारताना पाते खाली उतरत असतानाच चेंडूला भिडावयास हवे. मनगटे स्तब्ध, शरीराचा भार डाव्या पायावर अधिक, चेंडू दोन्ही पायांच्या मध्याच्या किंचित उजवीकडे आणि हात चेंडूच्या थोडे पुढे. ही उजव्या हाताने खेळणाराची मांडणी. डावखुऱ्याने ती उलट समजावी. यापलीकडे या फटक्यात गुप्त विद्या अशी काही नाही.

खळ्यावर किंवा मुरमाड जागेवर सराव करणाराने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वाळूतून चेंडू काढण्याची जी वेज असते, तिच्या तळाला मागच्या बाजूस एक फुगवटा ठेवलेला असतो. अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन यांनी १९३० च्या सुमारास ही रचना रूढ केली. हेतू हा की पाते वाळूत रुतून न बसता तीवरून घसरत जावे. मऊ गवतावर आणि वाळूत हा फुगवटा वरदान ठरतो. कठीण जमिनीवर मात्र तोच प्रथम आपटतो, पाते उसळते आणि चेंडूचे पोट गाठते. म्हणून नागपूरहून एखादी जुनी काठी मिळवावयाची झाली, तर दुकानदाराने वेज पुढे केली तरी सुरुवातीस आठ किंवा नऊ क्रमांकाची काठीच घ्यावी. ती सपाट तळाची असते, कठीण जमिनीवर शहाण्यासारखी वागते आणि चिपसाठी पुरेशी कललेलीही असते.

आता सरावाची जागा. मळणीयंत्रे आल्यापासून पूर्वीसारखी खळी उरली नाहीत हे खरे. तथापि शेतातली चोपून सपाट केलेली वीस-पंचवीस पावलांची कोणतीही जागा चालेल. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेथे चेंडू अडकतो. मुरूम टाकून धुमसलेली जागा त्याहून बरी. संत्र्याच्या बागेलगतची बैलगाडीची वाट सोयीची, कारण वीस-वीस फुटांवर लावलेली झाडे अंतर मोजण्याच्या खुंट्यांसारखी उभी असतात. मात्र फटका बागेच्या दिशेने कधीही मारू नये. चेंडू कठीण असतो. तो खोडावर बसून साल फुटली तर त्याच जखमेतून डिंक्या रोगाला वाट मिळते, आणि एका खेळाच्या पायी बापाचे दहा वर्षांचे झाड जाते. लहान मुले किंवा गुरे वावरत असतील अशा ठिकाणीही टणक चेंडू वापरू नये. चेंबूरच्या तरुणांनी प्लास्टिकचा चेंडू उगीच निवडला नाही. खळ्याच्या एका टोकाला सव्वाचार इंच व्यासाचा जुना डबा जमिनीच्या पातळीपर्यंत पुरावा, म्हणजे खळगा झाला.

सरावाचा आरंभ काठीने करूच नये. काठी बाजूस ठेवून चेंडू हातात घ्यावा आणि हात खालून झुलवून तो डब्याकडे टाकावा. सहा पावलांवरून, मग दहा, मग पंधरा. थोड्याच वेळात लक्षात येते की डोळे डब्याकडे नसतात. ते जमिनीवरच्या एका मधल्या जागेकडे लागलेले असतात. चेंडू तेथे पडला तर पुढचे जमीन पाहून घेते. ही मधली जागा, चेंडू टेकण्याची जागा, हीच चिपचे खरे लक्ष्य होय. खळगा हे लक्ष्य नव्हे. हातांना हे कळते, पण हाती काठी आली की माणूस विसरतो आणि खळग्याकडे पाहून मारू लागतो. म्हणून दररोज प्रारंभी दहा-बारा वेळा हाताने चेंडू टाकण्यात वेळ गेला असे कोणी समजू नये.

त्यानंतर राखेची रेघ. चुलीतील राख घेऊन जमिनीवर दोन हात लांबीची एक आडवी रेघ ओढावी. लक्ष्याची दिशा तिच्याशी काटकोनात. प्रथम चेंडू न ठेवता, रेघ पायांच्या मध्याच्या जरा उजवीकडे येईल असे उभे राहून काठी झुलवावी आणि पाते जमिनीला कोठे घासते ते पाहावे. खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूस पडली पाहिजे. रेघेच्या मागे पडली तर समजावे की भार उजव्या पायावर राहिला, किंवा मनगटांनी आपले जुने काम, विटी उचलण्याचे, पुन्हा सुरू केले. लागोपाठ दहा खुणा रेघेच्या पुढे पडेपर्यंत चेंडू ठेवू नये. शहरातील सराव-केंद्रांत रबरी गालिच्यावरून चेंडू मारतात. त्यावर पाते मागे आपटले तरी घसरत जाऊन चेंडूला लागते आणि खेळाडूला वाटते, फटका उत्तम झाला. खळ्याची जमीन अशी खोटी स्तुती करीत नाही. या एका बाबतीत सौंसरचा मुलगा पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा सुदैवी म्हणावयास हरकत नाही.

पुढे अंतराचे माप. समोरून पाहणाराला खेळाडूचे हात घड्याळाच्या काट्यासारखे दिसतात असे मानावे. चेंडूपाशी काटा सहावर. तो मागे सातपर्यंत न्यावा आणि पुढे पाचपर्यंत. हा लहान फटका. आठपासून चारपर्यंत, हा मधला. नवापासून तीनपर्यंत, हा मोठा. तिन्हींत गती बदलावयाची नाही, बदलावयाची ती केवळ झोक्याची लांबी. पाळण्याचा झोका मोठा असो वा लहान, त्याचा ताल जसा एकच राहतो, तसे. अंतर कमी म्हणून मोठा झोका घेऊन शेवटच्या क्षणी हात आखडता घेणे, हा दोष अनुभवी खेळाडूंतही आढळतो आणि तो भीतीपोटी येतो. झोका मुळातच लहान घेतला म्हणजे आखडण्याचे कारणच उरत नाही.

चेंडू कोठे टेकावा हे ठरविण्यासाठी खेळाडूंत ‘बाराचा नियम’ म्हणून एक सोपा आडाखा प्रचलित आहे. बारातून काठीचा क्रमांक वजा करावा. जे उरेल तितके पट अंतर चेंडू हवेतल्या प्रवासाच्या मानाने जमिनीवरून जातो. आठ क्रमांकाची काठी घेतली तर बारा वजा आठ, चार; म्हणजे हवेतून एक भाग, जमिनीवरून चार भाग. खळगा पंधरा पावलांवर असेल तर चेंडू तीन पावलांवर टेकावयास हवा, उरलेली बारा पावले तो घरंगळेल. नऊ क्रमांकाच्या काठीने हेच प्रमाण एकास तीन, आणि पिचिंग वेज दहावी धरली तर एकास दोन. हा आडाखा सपाट आणि मध्यम वेगाच्या हिरवळीसाठी आहे. सारवलेल्या खळ्यावर चेंडू त्याहून पुष्कळ अधिक पळेल, भुसभुशीत जागी लवकर थांबेल. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा तो आपल्या जमिनीवर पारखून आपला स्वतःचा आकडा काढावा. त्यासाठी गोणपाटाची दोन हात चौरस घडी चार पावलांवर पसरावी, घड्याळाच्या ठरलेल्या एकाच झोक्याने दहा चेंडू मारावेत, किती चेंडू घडीवर टेकले ते मोजावे आणि नंतर घडी काढून तेच चेंडू किती दूर जाऊन थांबतात ते पावलांनी मोजावे. दहातले सहा घडीवर पडू लागले की घडी सहा पावलांवर न्यावी, मग आठ. वही आणि पेन्सिल जवळ असावी. स्मरणशक्ती या बाबतीत फारच मायाळू असते. ती चांगले फटके तेवढे लक्षात ठेवते.

आता या सरावाचा गाभा, ज्यास खेळाडू ‘शिडी’ म्हणतात. पाच पावलांवर एक राखेची रेघ आणि पंधरा पावलांवर दुसरी. पहिला चेंडू पहिल्या रेघेच्या जरा पुढे थांबला पाहिजे. दुसरा पहिल्याच्या पुढे, तिसरा दुसऱ्याच्या पुढे, असे करीत दुसऱ्या रेघेपर्यंत जास्तीत जास्त किती पायऱ्या बसतात ते पाहावयाचे. एखादा चेंडू आधीच्याच्या मागे राहिला किंवा शेवटची रेघ ओलांडून गेला, की शिडी तुटली, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी तीन-चार पायऱ्या झाल्या तरी पुष्कळ. यात एक गंमत आहे. पहिला चेंडू अधिक पुढे गेला तर पुढच्या सर्वांची जागा आकसते, म्हणून आरंभीच काटेकोर राहावे लागते. आणि चेंडूमागून चेंडू अंतर वाढत असल्यामुळे हात एकच फटका यंत्रासारखा घोटू शकत नाही, प्रत्येक वेळी त्याला नव्याने निर्णय घ्यावा लागतो. वर आलेला शिडीचा अखेरचा टप्पा उतरावयाचा असतो. म्हणजे प्रत्येक चेंडू आधीच्यापेक्षा आखूड. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते असा बहुतेकांचा अनुभव आहे.

असा आडमार्ग कशासाठी? एकाच जागेवरून पन्नास चेंडू मारले तर हात अधिक पक्का होणार नाही काय? त्या वेळेपुरता होतो. १९७९ मध्ये अमेरिकेत शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एका गटाने एक हालचाल पुरती घोटून मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने त्याच हालचाली सरमिसळ करून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसत होता. काही दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा सरमिसळ करणारांनाच शिकलेले अधिक चांगले आठवत होते. सरावाच्या वेळी जे कठीण वाटते तेच पुढे टिकते, असा याचा अर्थ. शिवाय खेळात दुसरा चेंडू मिळत नाही. पन्नासावा फटका उत्तम बसला तरी मैदानावर उपयोग पहिल्याचाच.

याच कारणाने सरावाचा शेवट एका चेंडूने करावयाचा. बाकीचे चेंडू पिशवीत घालून ठेवावेत. डब्याभोवती निरनिराळ्या अंतरांवर नऊ जागा निवडाव्यात: एखादी उताराची, एखादी ढेकळांची, एखादी बांधाच्या आडून. प्रत्येक जागेवरून एकदाच चिप मारावयाची आणि चेंडू जेथे थांबेल तेथून डब्यात पडेपर्यंत खेळावयाचा. प्रत्येक जागेला दोन फटके हे प्रमाण. म्हणजे नऊ जागांचे अठरा. नवशिक्याला बहुधा सत्तावीसच्या घरात लागतील. आकडा त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहावा. शेजारचा मित्र बरोबर असेल आणि हरणाराने चहा पाजावयाचा असे ठरले असेल तर फारच उत्तम. कारण आठव्या जागेपर्यंत बरोबरी असता नवव्या जागेवर हात जसा थरथरतो, तशी थरथर एकट्याच्या सरावात येत नाही, आणि तिची सवय व्हावयास हवी.

पटविषयी येथे थोडकेच पुरे. व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून निम्म्याच वेळा चेंडू खळग्यात घालू शकतात. तीन फुटांवरून मात्र ते क्वचितच चुकतात. म्हणजे चिपचे काम चेंडू खळग्यात घालणे हे नसून तो तीन फुटांच्या आत आणून ठेवणे हे आहे. डब्याभोवती तीन फुटांचे एक राखेचे वर्तुळ काढावे आणि नऊपैकी किती चेंडू त्यात थांबले तेही वहीत टिपावे. दोन महिन्यांनी ही दोन सदरे शेजारी ठेवून पाहिली की दोष चिपमध्ये आहे की पटमध्ये, ते शिक्षकावाचून कळते.

उरला वाळूतला फटका. पावसाळा सरून पात्रातील पाणी ओसरले की पांढुर्ण्याला जाम आहे आणि सौंसर तालुक्यात कन्हान आहे. बालेस्टेरोसला समुद्रकिनारा होता, इतकाच फरक. येथे वर सांगितलेले बरेचसे उलटे होते. पाते चेंडूला लावावयाचेच नाही. चेंडूच्या दोन इंच मागे वाळूत ते घुसवावयाचे आणि चेंडूच्या खालची मूठभर वाळू त्याच्यासकट पुढे उडवावयाची. चेंडू त्या वाळूच्या पाठीवर बसून बाहेर येतो. झोका मोठा घ्यावा लागतो, कारण बरेचसे बळ वाळू खाते. येथे मात्र फुगवट्याची वेज हवी. नऊ क्रमांकाची काठी खोल रुतते. वाळूतही रेघ ओढूनच आरंभ करावा, रेघेवर पाते उतरवावे आणि वाळू किती दूर उडते ते पाहावे. चेंडू नंतर ठेवावा. सकाळी वाळू दंवाने ओलसर आणि घट्ट असते, दुपारी कोरडी आणि सैल. दोन्ही वेळा करून पाहिले म्हणजे एकाच झोक्याने चेंडू किती निरनिराळे अंतर जातो ते कळते, आणि वहीत त्यासाठी दोन निरनिराळी पाने लागतात.